द्यायचा राहिलेला हात

आबा, काल शाळेच्या पटांगणात मुलींचा खो-खो झाला आणि खेळ संपल्यावर मी दोन्ही बाजूंच्या मुलींना समोरासमोर उभं करून एकमेकींच्या हातात हात द्यायला लावला. हे सुरू करून फार दिवस झाले नाहीत. पहिल्यांदा केलं तेव्हा एका मुलीची आई शाळेच्या दारात येऊन विचारून गेली की बाई, खेळ झाला तो झाला, पण कुणाच्याही हातात हात कशाला? मी तिला सांगितलं की जिच्याशी आपण जीव तोडून खेळलो ती परकी राहत नाही. तिला पटलं नाही हे तिच्या पाठमोऱ्या चालण्यावरून कळत होतं. काल हरलेल्या बाजूची एक मुलगी हात पाठीमागे धरून उभी राहिली. समोरच्या मुलीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, आता तुमच्या तालमीच्या मातीचा वास येईल, आणि मी मुद्दाम खोल श्वास घेतला. वास आला नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही आज असतात तरी हे पत्र पोचवायचा प्रश्न आलाच नसता. मी पाटी घेऊन बसले की तुम्ही शेजारी येऊन बसायचात आणि अक्षरांकडे अशा नजरेने बघायचात, की जणू समोर नवखा पैलवान उभा आहे आणि त्याचा डाव अजून कळलेला नाही. आता मी बी. ए. झाले आहे. आपल्या घरात, आपल्या गल्लीतसुद्धा, पहिलीच. पदवी मिळाली तेव्हा आमच्या गोऱ्या प्रिन्सिपलसाहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि मी गडबडून दोन्ही हात जोडले. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायची सवय मला कुठली असणार? साहेब हसले आणि त्यांनीही हात जोडले. घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती कोनाड्याकडे बघून म्हणाली, "बापावर गेलीस." त्या कोनाड्यात तुमची डबी होती.

तुमच्या त्या मोठ्या कुस्तीच्या दिवशी मी मैदानात नव्हते. पोरींना तिथं कोण नेणार? पण तुमचे कपडे सांभाळायला मामा गेले होते आणि त्यांनी ती कुस्ती मला इतक्यांदा सांगितली आहे की मी ती पाहिलीच आहे असं वाटतं. कोल्हापूरचे महाराज स्वतः बसले आहेत. समोर पेठ वडगावचा पैलवान उभा आहे, तुमच्याहून बोटभर उंच. त्याच्या गावात त्याचं नाव घेऊन पोरांना तालमीला धाडत असत, असं मामा सांगायचे. तुम्ही दोघं वाकता, तांबडी माती उचलता, तुमची त्याच्या तळव्यावर, त्याची तुमच्या तळव्यावर. मग खडाखडी, मनगटं-माना धरून एकमेकांचा जोर अजमावणं. ऊन उतरेपर्यंत कुणी कुणाला हलवू शकत नाही, आणि मग तुम्ही ढाक डाव लावता, तो आडवा जातो, तुम्ही त्याच्या छातीवर. पंच हात वर करतात आणि मैदान उठून उभं राहतं. तो वडगावचा पैलवान उठला, अंगाची माती न झाडता तुमच्यासमोर आला आणि त्याने हात पुढे केला. तालमीतल्या माणसांची ही रीत मी तुम्हाला काय सांगणार! शेवटचा हात दिला की निकाल दोघांनी मानला आणि कुस्ती तिथं संपली. नाही दिला तर ती उघडी राहिली. तुम्ही गुडघ्यावरच होतात. त्याचा खांदा जिथं पडला होता तिथली माती तुम्ही उजव्या मुठीत धरलीत, उठलात आणि मूठ मिटलेलीच ठेवून उभे राहिलात. मामा म्हणायचे, एवढ्या माणसांत मला त्या एका हाताचाच आवाज आल्यासारखं झालं. तो हात बराच वेळ तसा होता. मग पंचांनी तुमच्या डोक्याला फेटा बांधला आणि तो पैलवान निघून गेला.

तुम्ही घरी आलात तेव्हा आई भाकरी थापत होती. तुम्ही चुलीसमोर बसलात आणि डाव्या हाताने जेवू लागलात. मी घाबरले होते, कारण मी डाव्या हाताने घास उचलला तर तुम्हीच माझ्या हातावर चापट मारत होतात. आईने विचारलं, हाताला काय झालं. तुम्ही म्हणालात, हाताला काही नाही. जेवण झाल्यावर तुम्ही तिच्याकडून एक रिकामी पितळी डबी मागून घेतलीत, मूठ तिच्यावर धरलीत आणि एकेक बोट सोडवावं तशी ती उघडलीत. माती डबीत पडली. ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर मुरलेल्या त्या मातीचा वास चुलीच्या धुराच्या वर चढला. डबी कोनाड्यात गेली, फेटा खुंटीला. तो फेटा तुम्ही कधी घातला नाहीत. आणि त्यानंतर दुपारी तुम्ही आडवे झालात की झोपेत तुमचा उजवा हात हळूहळू वर यायचा, हवेत थांबायचा, आणि मग मिटायचा. मी उंबऱ्यावर बसून ते बघायची. कुणीतरी समोरून हात पुढे केला आहे आणि तुम्ही पुन्हा देत नाही आहात, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

तुम्ही मला खरं रागावलात ते एकदाच. शेजारच्या मुलीशी सागरगोटे खेळताना मी जिंकले, सगळे गोटे ओच्यात भरले आणि तिला वेडावून दाखवलं. तुम्ही बाहेरून आला होतात. "माज आला व्हय गं तुला?" तुम्ही म्हणालात, "हात दे तिला." मी हात दिला. ती गेल्यावर मी रडत रडत विचारलं की तुम्ही तर नव्हता दिला. आई आतून धावत आली, मला ओढून न्यायला. तुम्ही तिला थांबवलंत, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलंत.

"जिकल्यावर हात द्यायचा असतोय. मी जिकलो न्हाय. पंचास्नी खांदा टेकल्याला दिसला, म्हाराजास्नी दिसला. पर त्येच्या खांद्याखाली माझं मनगट हुतं. खांदा मातीला लागलाच न्हाय. आनि हात दिला असता तर ती खोटी कुस्ती खरी झाली असती की."

मग हे त्यांना सांगितलंत का, मी विचारलं. महाराजांच्या समोर पंचांचा शब्द मोडायचा कसा, असं काहीतरी तुम्ही पुटपुटलात, आणि मग म्हणालात की वडगावला जाईन, त्याला एकट्याला गाठून सांगेन, पुन्हा मैदान धरू. त्या वेळी वडगावला काय बोललं जात होतं ते मामांच्या कानावर आलेलं होतं. कोल्हापूरच्या पैलवानाने मुसलमानाच्या हाताला हात लावला नाही, असं ते बोलणं होतं. तुमच्या तालमीत अर्धी पोरं मोमीन-मुजावरांची, तुमच्या वस्तादांचे वस्ताद मुसलमान, आणि ज्याच्या अंगाला अंग घासून दुपार काढली त्याच्या हाताचा विटाळ! तुम्ही हे ऐकलंत तेव्हा जेवणावरून उठलात. पण गेला नाहीत. आधी सुगी आली, मग तो प्लेगचा आजार आला.

शहर सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलो ते दिवस मला तुकड्यातुकड्याने आठवतात. तुम्हाला वेगळं ठेवलं होतं. मला जवळ येऊ दिलं नाही. लांबून दिसत होतं ते एवढंच, की घोंगडीबाहेर तुमचा उजवा हात आहे आणि तो मिटलेला आहे. तुम्ही गेल्यावर, उचलताना कुणीतरी ती मूठ सरळ करू लागला तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्येंची हाय ती."

आजार ओसरल्यावर आम्ही घरी परतलो. कुलूप काढलं. इतके दिवस बंद असलेल्या घराला उंदरांचा, ओलीचा, शिळ्या राखेचा वास यायला हवा होता. दार उघडताच आला तो तालमीतल्या नुकत्याच खणलेल्या मातीच्या हौदाचा वास. आई उंबऱ्यात थांबली आणि तिने डोक्यावरचा पदर नीट केला. तुम्ही घरात असलात की करायची तसा. कोनाड्यातल्या डबीतली माती ओली होती. बोट लावलं तर बोटाला चिकटली.

तेव्हापासून तो वास आमच्या घरात राहिला. रोज नाही, पण आला की भर दुपारी यायचा, तुमच्या तालमीतून परतायच्या वेळेला, आणि थोडा वेळ थांबून जायचा. आई चुलीपाशी पाण्याचा लोटा भरून ठेवायची. भीती अशी आम्हाला कधी वाटली नाही. पण त्या वेळी आम्ही दोघी हळू बोलायचो, आणि दाराच्या वाटेत बसायचो नाही. मी शिकू लागले तशी स्वतःला समजावू लागले. मातीत तेल आहे, तेल ओल धरून ठेवतं. तालीम फार लांब नाही, वारा तिकडून वाहतो. लोट्यातलं पाणी उन्हाने आटतं, नाहीतर मांजर पितं. कॉलेजात असताना एका दुपारी मी त्या लोट्यावर जड पितळी झाकण ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत वाचत बसले. वास आला, गेला. उठून पाहिलं तर झाकण जागचं हललेलं होतं, पण निघालं नव्हतं. काठावर तिरपं अडकून राहिलं होतं. मी मांजर म्हणणार होते. आई माझ्यावर खरोखरच चिडली. "झाकण कशाला ठिवलंस? एक मूठ मिटल्याली हाय न्हवं त्येंची. एका हातानं कसं निघंल?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अंधश्रद्धेवर मी कॉलेजात निबंध वाचला होता आणि त्याचं कौतुक झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात गुळाचा हंगाम चालू असताना दारात एक माणूस आला. शाहूपुरीत गूळ उतरवून आलो, म्हणाला. गाडीत त्याची बायको बसली होती. पैलवानाचं घर हेच का, त्याने विचारलं. तो त्या वडगावच्या पैलवानाचा मुलगा. वडील थकले आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आता फार दिवस काढतील असं वाटत नाही, आणि एकच धोशा लावला आहे की कोल्हापूरच्या पैलवानाच्या घरचं कुणीतरी बोलवा. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती येईल. ती म्हणाली, "तू जा. शिकलीस की तू. मी हितं ऱ्हातो. घरात कोन नसलं आनि त्ये आलं तर?" मग तिने कोनाड्यातली डबी काढली, फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. फडक्याला लगेच ओल आली.

रिकाम्या गाडीतून, त्या बाईच्या शेजारी बसून मी वडगावला गेले. वाटेत तिने मला ऊस सोलून दिला आणि फार काही विचारलं नाही. फक्त गाव दिसू लागल्यावर म्हणाली, "मामंजी कायतरीच बोलत्यात. मनावर घिऊ नगा. पर दुपारच्याला आमीबी दाराच्या वाटंत बसत न्हाय." मी उसाचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिले.

ते सोप्यात बाजेवर पडलेले होते. कान तुमच्यासारखेच चुरगळलेले, खांदे अजून रुंद, बाकी सगळं शरीर त्या खांद्यांना टांगल्यासारखं. सून म्हणाली की आल्यात बघा कोल्हापूरच्या. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही. दाराकडे तोंड करून विचारलं, "आबा बरा हाय का गं तुझा?"

मी म्हटलं, चाचा, आबांना जाऊन किती वर्षं झाली.

"त्ये ठावं हाय मला. म्हनून तर इचारतोय."

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, गुळाचा भाव सांगावा तसा. तुम्ही गेल्याची बातमी त्यांना कळली त्या वर्षीपासून तुम्ही येता. दुपारी येता, दारात उभे राहता, अंगाला माती असते. बसा म्हटलं तर बसत नाही. ते हात पुढे करतात, आणि तुम्ही मूठ मिटून उभे राहता, मैदानात राहिला होतात तसे. सुरुवातीला त्यांना राग यायचा. लोक म्हणत होते तेच खरं असेल का, असंही एकदा मनात आलं. "पर मग म्हटलं, खुळ्या, मघाशी माझ्या मानंवर बसलावता की त्यो. मानंला शिवतोय आनि हाताला शिवत न्हाय व्हय?" ते हसले, खोकले, सुनेने पाणी दिलं. आता त्यांना सून दिसत नाही, नातवंडं दिसत नाहीत, पण तुम्ही दिसता. "मी गेल्यावर ह्यो कुनाच्या दारात जाईल, सांग बघू? हात कुनाला दील?"

मी त्यांना तुमचं कारण सांगितलं. मनगटाचं. तो तुमचा अपमान नव्हता चाचा, खोटा विजय नको म्हणून त्यांनी हात दिला नाही, असं मी म्हणाले, आणि म्हणताना मला तुमचा अभिमान वाटत होता. ते उठून बसले. सून धरायला गेली तर तिचा हात त्यांनी बाजूला सारला.

"मनगट हुतं," ते म्हणाले. "खरं हाय. पर काढून घेतलं की त्येनं. माझा खांदा मोडल म्हनून काढून घेतलं आनि मग टेकला. दोनी खांदं टेकलं. माती गार लागली मला. माझी पाठ मला कळत न्हाय व्हय?"

चाचा, मग तुम्ही हात पुढे केलात तो...

"त्येच सांगाया केलता. लागली पाठ, पैलवान, असं. त्या गलक्यात तोंडानं कोन ऐकतंय? हातानंच सांगायचं असतंय त्ये."

दुपार झाली होती. अंगणातली कोंबडी एकदम गप्प झाली. आणि आबा, आपल्या घरात येतो तो वास त्या सोप्यात आला. सुनेने पदर डोक्यावर घेतला, आईसारखाच, आणि दाराच्या वाटेतून बाजूला सरली. मी दाराकडे पाहिलं. ऊन होतं. मला तिथं ऊन दिसलं, एवढंच मी खात्रीने लिहू शकते. चाचांनी उजवा हात पुढे केला, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून दाराकडे. तो हात असाच परत जाणार हे मला सहन झालं नाही. मी डबी उघडली, ओली माती तळव्यावर घेतली आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. परक्या पुरुषाच्या हातात, जन्मात पहिल्यांदा. त्यांचा पंजा एवढा मोठा की माझा त्यात दिसेनासा झाला. माती आमच्या दोघांच्या तळव्यांमध्ये होती. मी म्हणाले, आबा, त्यांची पाठ लागली होती. तुम्ही जिंकला होतात.

कोण जाणे किती वेळ गेला. मग मी हात सोडवून घेतला, हळूच. पण त्यांचा हात खाली आला नाही. तो हवेत तसाच राहिला, बोटं कशाभोवती तरी वळलेली, आणि मनगट सावकाश खालीवर हलत होतं, दोन माणसांनी हात मिळवल्यावर हलतं तसं. त्यांचा चेहरा उन्हाकडे होता आणि मिशीखाली हसू होतं. अखेर ते म्हणाले, "सोड की गड्या आता. झाली कुस्ती."

आणि हात खाली पडला. मी माझा तळवा पाहिला. सकाळी फडकं भिजवणारी माती भुकटी झाली होती. वारा आला आणि ती गेली. डबीतली उरलेलीही वाळून गेली होती. ती मी त्यांच्या अंगणात झाडाच्या बुंध्याशी टाकली.

संध्याकाळी घरी आले तर आई चुलीपाशी बसली होती. लोटा काठोकाठ भरलेला होता. "आज आलं न्हाईत," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने खुंटीवरचा फेटा काढला, धुतला, आणि उन्हात वाळत घातला. मूठ सोडली का, एवढंच तिने नंतर एकदा विचारलं. मी हो म्हणाले. पुढे गुळाच्या गाडीबरोबर निरोप आला की चाचा गेले. झोपेतच गेले, त्यांच्या मुलाने सांगितलं, हात उघडाच होता.

तेव्हापासून घराला घराचा वास येतो. भाकरीचा, रॉकेलचा, माझ्या पुस्तकांचा. आई दुपारी निवांत झोपते. आम्ही दाराच्या वाटेत बसतो. जे व्हायला हवं होतं ते झालं, आणि माझ्या हातून झालं, याचा मला आनंद व्हायला हवा आणि तो आहेही. काल पटांगणातल्या त्या मुलीला मी शेवटी रागावले नाही. तिच्या कानात विचारलं की तू आउट झाली नव्हतीस असं तुला वाटतं का. तिने मान डोलावली. मी म्हटलं, मग हात देताना तिला तेच सांग. ती पुढे गेली आणि हात देऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिली.

हे पत्र मी वहीतून फाडून तुमच्या फेट्याच्या घडीत ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. परवा मी तालमीच्या दारात गेले. बायकांनी आत जायचं नसतं, म्हणून पायरीखाली उभी राहिले आणि वस्तादांकडून ओंजळभर माती मागून घेतली. शाळेत मुलींना दाखवायची आहे, असं सांगितलं. ते खरं नव्हतं. डबीत भरून ती कोनाड्यात ठेवली आहे. सकाळी ओली असते, दुपारपर्यंत वाळते. आई झोपली की मी लोटा भरून ठेवते, झाकण न ठेवता, आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसते. मग जाऊन बघते. पाणी तेवढंच असतं, आबा.